आखाडा, आसन आणि ध्यान : बडोद्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बडोद्यात तालीम, योग आणि ध्यान यांची वाट एकच आहे. ज्यांना या वाटेला लागायचंय त्यांनी तिचा जुना क्रम आधी समजून घ्यावा. डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात इथल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायाम शिकले. पुढे १९१९ मध्ये ते नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकायला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. म्हणजे आधी आखाडा, मग श्वास, मग बाकी सगळं. मधे वर्षं गेली, आणि ती जायलाच हवीत.

दुसरं उदाहरणही इथलंच. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. जानेवारी १९०८ मध्ये ते पुन्हा इथे आले, तेव्हा योगी विष्णु भास्कर लेले यांच्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानाला बसले आणि मन पूर्ण शांत झालं, ही हकीकत इथल्या मराठी घरांत अनेकांनी ऐकलेली असते. ती ऐकून नवा माणूस ‘तीन दिवस’ तेवढे लक्षात ठेवतो. त्याआधी काही वर्षं ते याच शहरात प्राणायाम करत होते, तेही रोज कित्येक तास, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या तीन दिवसांमागे ती वर्षं होती.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की नवीन येणारे बहुतेक जण तिन्ही गोष्टी एकाच सोमवारी सुरू करतात. पहाटे आखाडा, संध्याकाळी योगवर्ग, झोपताना मोबाइलवर ध्यान. दोन-तीन आठवडे उत्साह टिकतो. मग खांदा धरतो, ऑफिसात डुलक्या येतात, घरचे वैतागतात आणि सगळं एकदमच सुटतं. हा आरंभशूरपणा टाळायचा असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. तिन्ही नीट एकत्र यायला दीड-दोन वर्षं लागतात, असं धरूनच निघा.

आधी : तब्येत आणि वेळ

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, हर्निया, स्लिप डिस्क यांपैकी काही असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. वस्तादांनाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. लाजून लपवलेली जुनी दुखापत दुसऱ्या महिन्यात हमखास वर येते.

वेळेचा हिशेब घरच्यांसमोर बसून करा. तुमचा पाऊण तास कोणाच्या वाट्याचा जातोय ते बघा. मुलांचे डबे, आईचं औषध, नवऱ्याची किंवा बायकोची शिफ्ट हे सगळं धरून जो वेळ उरेल तोच तुमचा. पत्नीवर सकाळची सगळी कामं टाकून आखाड्यात जाणाऱ्याला तोल सापडत नाही, तो फक्त दुसऱ्याकडून उसना घेतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरूच नये. ‘झोपून उठल्यावर, खाण्याआधी’ एवढाच नियम ठेवावा, मग ती पहाट असो की दुपार.

पहिली पायरी : जागा आणि वस्ताद

जुन्या भागात, रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या बाजूला व्यायामशाळांची परंपरा आहे, आणि गायकवाडांच्या काळात तिला राजाश्रयही मिळाला होता. नव्या वस्तीत कराटे, ज्युडो, तायक्वांदोचे वर्ग भरपूर आहेत. देशी की परदेशी यावर वाद घालत बसू नका. घरापासून पंधरा मिनिटांत पोचता येईल ती जागा चांगली. लांबची जागा पावसाळ्यात सुटते.

नाव घालण्याआधी तीन-चार दिवस नुसते जाऊन बसा. बघायचं एवढंच : नवीन पोराला पहिल्या दिवशी काय करायला लावतात. चांगला वस्ताद त्याला दमवत नाही. तो आधी उभं राहायला शिकवतो, जुनी दुखणी विचारतो, आणि एखाद्या जुन्या मुलाला त्याच्या शेजारी उभं करतो. जिथे नवख्याला घाम काढून उलटीपर्यंत आणतात आणि त्याचंच कौतुक चालतं, तिथून निघून या. एखाद्याला लागलं तर खेळ थांबतो का, हेही पाहा. बायका-मुलींनी वेगळी वेळ आहे का, शिकवणारी बाई आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, हे मोकळेपणाने विचारावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही आणि नीट उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजावं.

दुसरी पायरी : पहिले तीन महिने फक्त शरीर

या तीन महिन्यांत ध्यान नाही, प्राणायाम नाही. दंड, बैठका, थोडं पळणं, थोडं सांधे मोकळे करणं, बास. दहा दंड आणि वीस बैठकांपासून सुरुवात करा. बैठका दंडांच्या दुप्पट हा जुना हिशेब अजूनही चांगला आहे. आठवड्याला दोन दंड वाढवले तरी पुरे. वय जास्त असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीच्या पाठीला धरून अर्धी बैठक मारा. ती कमी दर्जाची नाही.

बैठक कशी बिघडते ते एकदा जवळून पाहून ठेवा. नवखा माणूस खाली जाताना छाती पुढे टाकतो, गुडघे आत वळतात, आणि वर येताना तो कंबरेला झटका देऊन उठतो. मोजताना बैठक पूर्ण होते, पण सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर आणि कंबरेवर गेलेला असतो. एका तालमीत मी पाहिलं, वस्ताद नव्या मुलाच्या मागे उभे होते आणि प्रत्येक बैठकीला लाठीचं टोक हलकेच त्याच्या गुडघ्याला बाहेरून लावत होते. तोंडाने काही नाही. गुडघा लाठीला टेकला पाहिजे, म्हणजे बाहेर राहिला पाहिजे, एवढं पोराला आपोआप कळलं. त्याच्या बैठका निम्म्यावर आल्या, पण सगळ्या खऱ्या झाल्या. घरी करताना भिंतीला आरसा लावा किंवा घरातल्या कोणाला तरी मागे उभं करा.

दंडात खांदे कानाला चिकटतात, तेवढं सांभाळा. श्वास कुठेही रोखू नका. जेवणानंतर तीन तास, चहा-नाश्त्यानंतर तासभर काही करू नका. फाफडा-जलेबीचा रविवार असेल तर तो व्यायाम झाल्यावर.

मातीत उतरणार असाल तर नखं कापलेली हवीत, अंगावर उघडी जखम नको, आणि बाहेर आल्यावर लगेच अंघोळ. हौद्याच्या मातीत हळद, तेल, ताक, कडुलिंब घालतात ते उगीच नाही, पण तेवढ्यावर विसंबून त्वचेच्या संसर्गाकडे दुर्लक्ष करू नये. लंगोट, टॉवेल स्वतःचाच वापरा.

तिसरी पायरी : आसनं, आखाड्याची दुरुस्ती म्हणून

तीन महिन्यांनी शरीर घट्ट झालेलं जाणवेल. मांडीचा मागचा भाग ताणतो, खांदे पुढे येतात, कंबर जड वाटते. इथे आसनं आणायची. हठयोगाची सगळी यादी घ्यायची गरज नाही. जे घट्ट झालंय ते सोडवणारी पाच-सहा आसनं पुरतात : ताडासन, पर्वतासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन, वज्रासन आणि शेवटी शवासन. प्रत्येकात चार-पाच सावकाश श्वास थांबा. पश्चिमोत्तानासनात डोकं गुडघ्याला लावायची घाई करणाऱ्यांची पाठ कुबड काढते आणि ताण मांडीऐवजी मणक्यावर जातो. गुडघे थोडे वाकवा, पोट मांडीकडे न्या, डोकं कुठे पोचतं ते सोडून द्या.

शवासन वगळू नका. दहा मिनिटं नुसतं पडून राहणं धडधाकट तरुणांना फार जड जातं. ते जमू लागलं की पुढच्या पायरीची तयारी झाली असं समजायला हरकत नाही.

चौथी पायरी : श्वास

साधारण सहा महिन्यांनी. सरळ बसा, नाकाने श्वास घ्या, नाकानेच सोडा, आणि सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा. मनात चार मोजत घेतला तर सहा मोजत सोडा. पाच मिनिटं. एवढंच पंधरा दिवस करा. मग नाडीशोधन, म्हणजे अनुलोम-विलोम, श्वास न रोखता.

कुंभक म्हणजे श्वास रोखणं, भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा जोरात श्वास, जोरकस कपालभाती हे पुस्तकावरून किंवा व्हिडिओवरून करू नका. रक्तदाब, हर्निया, मासिक पाळी, गरोदरपण असताना तर नाहीच. श्वासाने छाती भरून आली, चक्कर आली, कान बंद झाल्यासारखे वाटले तर सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. प्राणायामात धाडस दाखवायला जागा नाही.

मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत सगळे जोरकस प्रकार बंद ठेवून शीतलीसारखा सौम्य प्रकार घ्या, आणि आखाडा सूर्य वर येण्याआधी उरका.

पाचवी पायरी : बसणं

आता ध्यान. इतके महिने थांबायला का लावलं ते इथे कळतं. ज्याच्या पाठीत बळ नाही आणि ज्याचा श्वास उथळ आहे, त्याचा ध्यानाचा सगळा वेळ पाठदुखीशी भांडण्यात जातो. दंड-बैठकांनी घडलेली पाठ वीस मिनिटं तक्रार करत नाही.

दहा मिनिटांपासून सुरुवात. घडी घातलेल्या चादरीवर असं बसा की कुल्ले गुडघ्यांपेक्षा थोडे उंच राहतील. मांडी घालणं जमत नसेल तर खुर्ची घ्या, पाय जमिनीवर टेकवा. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवा. नाकपुडीपाशी श्वास येतो-जातो तिथे लक्ष ठेवा. मन पळेल. पळालं हे लक्षात आलं की परत आणा. हे पळणं आणि परत आणणं हेच ध्यानाचं काम आहे, आखाड्यात दंड मोजतात तसं इथे परत येणं मोजावं लागत नाही एवढाच फरक.

घर शांत असण्याची वाट पाहत बसलात तर कधीच बसणार नाही. कारेलीबागेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एक मावशी सकाळी कुकर लावून बसतात. चौथ्या शिट्टीला उठतात. मधल्या शिट्ट्यांना त्यांची पापणीही हलत नाही. त्या म्हणतात, ‘वेळ बघायला घड्याळ नको, वरण शिजलं की माझं झालं.’ ही सोय मला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त पटली.

दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात आजही लोक शांत बसायला जातात. आठवड्यातून एकदा अशा ठिकाणी चारचौघांबरोबर बसलात तर घरचं बसणंही सावरतं.

एक गोष्ट गंभीरपणे. ध्यानात कधी जुनं दुःख उसळून येतं, रडू येतं. ते एक-दोनदा झालं तर घाबरू नका. पण झोप उडाली, सतत भीती वाटू लागली, कामात लक्ष लागेना, तर ध्यान बंद करून डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘साधनेत असं होतंच’ म्हणून रेटायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. औषधं चालू असलेल्यांनी ध्यान जमतंय म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सहावी पायरी : समोर माणूस येतो तेव्हा

वर्षभरानंतर एक युद्धकला नीट धरा. लाठी, कुस्ती, ज्युडो, कराटे, काहीही, पण एकच, आणि किमान दोन वर्षं. लाठीत आधी पवित्रे पक्के होऊ द्या. हातातली काठी फिरवायची हौस सगळ्यांना असते, पण पाय चुकीच्या जागी असतील तर काठी कितीही वेगाने फिरली तरी तुम्ही जागचे हलता. लाठी आपल्या उंचीला बेताची हवी, ती वस्तादांनाच निवडू द्या.

तोल या गोष्टीची खरी परीक्षा इथेच होते. एकट्याने ध्यानात बसलेला माणूस स्वतःला शांत समजू शकतो. समोरच्याने धोबीपछाड मारून पाठ मातीला लावली की त्याला स्वतःचा राग दिसतो. त्या क्षणी श्वास कुठे अडकला, दात कसे आवळले गेले, पुढच्या डावात सूड घ्यायची घाई कशी झाली, हे बघा. त्या रात्री बसताना तेच आठवा. आखाडा ध्यानाला खोटं वागू देत नाही आणि ध्यान आखाड्याला मस्ती चढू देत नाही. आसनं दोघांचीही दुखापत भरून काढतात. तिन्ही एकमेकांना असे आवरतात, म्हणून तिन्ही हवीत. जोडीदाराला मुद्दाम लागेल असं खेळणाऱ्याशी खेळू नका, मग तो कितीही तयारीचा असो.

आठवड्याची घडी

नोकरी करणाऱ्याला हे पेलतं : आठवड्यातून तीन दिवस आखाडा, दोन दिवस आसनं आणि श्वास, रोज दहा ते वीस मिनिटं ध्यान, एक दिवस पूर्ण सुट्टी. शनिवारी मारुतीला जाऊन आलात तर तेवढं चालणं पुरे. सकाळी कामाटी बागेत फिरायला जाणाऱ्यांनी तिथल्या मोकळ्या हवेत आसनं करावीत, पण ध्यान घरीच ठीक.

आजारी असताना, प्रवासात, परीक्षेच्या दिवसांत करण्यासाठी एक छोटा संच ठरवून ठेवा : पाच दंड, दहा बैठका, एक भुजंगासन, पाच मिनिटं बसणं. दहा-बारा मिनिटांत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येकांना दिवसचे दिवस घराबाहेर पडता आलं नाही. अशा वेळी हा छोटा संचच साधना धरून ठेवतो.

बडोद्याचे सणही हिशेबात घ्या. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून पुन्हा पहाटे बैठका मारू नका, पाय वर्षभर त्रास देतील. त्या नऊ दिवसांत आखाडा बंद, फक्त शवासन आणि दहा मिनिटं बसणं. उत्तरायणात दिवसभर मान मागे टाकून पतंग उडवलात तर पुढचे दोन दिवस भुजंगासन आणि सर्वांगासन टाळा. उंधियो आणि चिक्की दोन्ही पोटभर झाले असतील तर दंडही.

दुसरं वर्ष

दुसऱ्या वर्षी काहीच पुढे जात नाही असं वाटतं. दंड वाढत नाहीत, ध्यानात कंटाळा येतो, वस्ताद तोच तोच पवित्रा करायला लावतात. बहुतेक लोक इथे सोडतात किंवा गुरू बदलतात, नवीन शिबिर शोधतात. पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला तीन अटी सांगितल्या आहेत : दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरीची गरज या दुसऱ्या वर्षात लागते. कंटाळा आला तरी जमीन झाडून, पाय धुऊन, नमस्कार करून उभं राहणं, हा तो आदर. यात भाविकपणा असलाच पाहिजे असं नाही. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, माणिकराव त्यांचे मराठी शिष्य. या शहरात तालमीचा आदर असाच हातातून हातात आलेला आहे.

वही ठेवा. दंडांचे आकडे लिहू नका, तीनच गोष्टी लिहा : झोप कशी लागली, आज राग कुठे आला, घरात कोणाशी नीट बोललो. सहा महिन्यांनी मागची पानं चाळा. झोप सुधारली असेल, अलकापुरीच्या सिग्नलवर कोणी आडवी गाडी घातली तरी हॉर्नवरचा हात लवकर सुटत असेल, एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी न कुरकुरता सुरुवात होत असेल, तर घडी बसतेय. झोप बिघडली असेल आणि घरच्यांशी खटके वाढले असतील तर काहीतरी जास्त होतंय. सगळ्यात आधी आखाड्याचा एक दिवस कमी करा, ध्यान नव्हे.

पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी मातीतली कुस्ती सोडून लाठीचे पवित्रे, हलके मुद्गल आणि आसनं घ्यावीत. क्रम तोच, फक्त प्रत्येक पायरीला दुप्पट वेळ द्या.

पहिल्या दिवशी जाताना न्यायचं सामान : सुती सैल कपडे, लंगोट किंवा स्पोर्ट्‌स सपोर्टर, टॉवेल, पाण्याची बाटली, कापलेली नखं. अंगठी, कडं, साखळी घरी ठेवा. वस्तादांना नमस्कार करा, जुनी दुखणी सांगा, आणि ते जेवढं सांगतील त्यापेक्षा एकही बैठक जास्त मारू नका.